लंगडायचं नाही

विमानात पुढं बसलेला माणूस मागच्यापेक्षा आधी पोहोचत नाही. एवढी साधी गोष्ट पैसेवाल्यांना कळत नाही, आणि म्हणे हेच लोक कंपन्या चालवतात. तेच विमान, तोच पायलट, उतरतानाचा धक्काही तोच. पुढच्यांचे फक्त पाय लांब होतात आणि मधे एक पडदा असतो. त्या पडद्याआड वीतभर जास्त पाय पसरायचे सेहेचाळीस हजार रुपये. एका माणसाचे, तेही फक्त जायचे. एवढ्या पैशात बेल्ह्याच्या बाजारात बरा खोंड येतो आणि तो पुढं दहा वर्षं राबतो. सीट नऊ तासांनी सोडून द्यावी लागते, घरी आणून दावणीला बांधता येत नाही.

हे सगळं मी सलीमला त्याच्या तोंडावर ऐकवलं. सलीम जुन्नरचा, पण आळेफाट्यावर त्याचं तिकिटांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे झेरॉक्सचं मशीन, दोन खुर्च्या आणि भिंतीवर निळ्या समुद्राचं पोस्टर. आमच्या दोघा नवराबायकोची जर्मनीची तिकिटं त्यानंच काढली होती. साधी, मागची.

"चांगदेवभाऊ, तुमच्यासाठी न्हाई म्हणत मी," तो म्हणाला. "काकींसाठी म्हणतोय. त्यांचा पाय वाकवून नऊ तास कसा ऱ्हाईल?"

आता पायाचं सांगितलं पाहिजे. मी बैलांचा व्यापारी. चाळीस वर्षं झाली. बैल चालत असला की पन्नास पावलांवरून सांगतो, कुठल्या खुराला लागलंय आणि किती दिवस झालेत. दीड वर्षापूर्वी मी एक खोंड घेतला, लई स्वस्तात. विकणारा दिवसभर माझ्या डोळ्यांत बघत नव्हता, तेव्हाच कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी मंगल, म्हणजे माझी बायको, त्याला वैरण टाकायला गेली आणि त्यानं लाथ घातली. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. मंचरच्या डॉक्टरनं पट्टी घातली, स्क्रू घातले. खोंड मी पुढच्या बाजाराला विकला. लाथ मारतो का, असं घेणाऱ्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाजारात सगळे असंच करतात, आणि जो करत नाही त्याला बाजार येडा म्हणतो.

जर्मनीला आमची हर्षाली असते. नोकरी करते, नवराही तिथंच. तिला आठवा सरला होता. मंगलनं एकच धरून ठेवलं होतं, नातवंडाला न्हाऊ ती घालणार. पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर सरळ पसरायचे, त्या पायांवर बाळ पालथं घालायचं आणि कोमट पाण्यानं शेकत शेकत चोळायचं. आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली आहेत. बेल्ह्यात कुणाला मूल झालं की आधी मंगलला बोलावणं येतं. लाथ बसल्यापासून ते बंद होतं. मंचरच्या डॉक्टरनं आता परवानगी दिली, पण बजावून सांगितलं, "गुडघा सरळ होतोय, पण प्रवासात फार वेळ वाकवून ठेवू नका. सुजला तर दोन महिने परत सरळ होणार नाही." विमान कंपनीला दाखवायला इंग्रजीत चिठ्ठीही दिली. मंगलनं ती देवीच्या फोटोमागं जपून ठेवली होती.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. पाय नऊ तास सरळ राहिला तर बाळ पायावर. नाहीतर पलंगावर बसून दुसऱ्या कुणाकडं बघत बसायचं.

हर्षालीचा फोन आला. "आप्पा, आईची पुढची सीट घ्या ना. पैसे मी पाठवते. समर्थपण म्हणतोय."

समर्थ म्हणजे जावई. जावयाच्या पैशानं सासूनं पाय पसरायचे! मी म्हणालो, "तुजं पैसं तुजपाशी ऱ्हाऊ दे. माज्याकडं पैसं न्हाईत म्हनून मी थांबलो न्हाई."

आणि खरंच पैसे होते. आदल्याच बाजारात जोडी विकली होती. प्रश्न भावाचा होता. सांगितलेला भाव जो देतो तो गिऱ्हाईक नसतो, मेंढरू असतं. आळेफाट्यावरून रोज शेकडो मेंढरं मुंबईला विमान धरायला जातात, त्यांच्यात माझी भर नको होती.

सलीम म्हणाला, "मग दुसरा मार्ग हाय भाऊ. बोली लावायची. कंपनीच इचारती, तुमी किती देता? तुमी आकडा टाकायचा. पटला तर दोन दिवस आधी सीट देत्यात."

मी खुर्चीत सरसावून बसलो. इतका वेळ हा गाढव काय झोपला होता? बोली म्हणजे माझा प्रांत. बाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नाही. उपरण्याखाली हात घालतो आणि बोटं धरून बोलतो. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही की सौदा पाचावर अडला की सातावर. ऑफिसात दोन पोरी झेरॉक्स काढत होत्या आणि एक म्हातारा आधार कार्ड घेऊन उभा होता. मी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि सलीमच्या मोबाइलवर टाकलं.

"भाऊ, हितं कोन बघतंय?"

"बघनारा सांगून बघत नसतो. दाखव."

उपरण्याखाली डोकं घालून आम्ही दोघं बघत बसलो. पोरी हसत होत्या. हसू दे. मोबाइलच्या पडद्यावर अर्धं वर्तुळ, त्यात एक काटा. डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा. कमीत कमी एकोणीस हजार टाकावेच लागत होते. मी एकोणीस टाकले. काटा लालात जाऊन पडला.

"लाल मंजी मिळायची न्हाई," सलीम म्हणाला. "तीसपर्यंत तरी न्या."

"लाल तेच दाखवत्यात, आनि घाबरायचं आपन? पयल्या बोलीला कुनी हिरवा दाखवल का? मी एकोनीसवर थांबतो. त्यांना सीट रिकामी न्यायचीय का? येतील खाली."

"चांगदेवभाऊ, परत इचारायला कुनी येत न्हाई. ती मशीन हाय."

मशीन! मशीनला काय पोट नसतं? मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. मग तो म्हणाला, "बरं, काकींच्या पायाचं तरी कळवू का कंपनीला? डॉक्टरची चिठ्ठी हाय ना? त्याचं पैसं पडत न्हाईत. चाकाची खुर्ची मिळती, मागं बसल्या तरी कडंची सीट देत्यात, पाय बाहेर काढता येतो."

मी उपरणं ओढून घेतलं. "खबरदार! एक अक्षर कळवायचं न्हाई."

"पर का?"

असल्या माणसांना कोण शिकवणार? घेणाऱ्याला गरज आहे हे विकणाऱ्याला कळलं की भाव संपला. पेरणी तोंडावर आलेला शेतकरी बाजारात धावत येतो तेव्हा आम्ही लांबूनच ओळखतो आणि पाच हजार वाढवतो. मी स्वतः वाढवलेत. पायाची चिठ्ठी कंपनीच्या हातात गेली की एकोणीसचे सेहेचाळीसच होणार, उलट पन्नास मागतील. सलीम म्हणाला, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही, खाती वेगळी असतात. मी म्हणालो, मालक एकच असतो.

दोन दिवस आधी निरोप आला. बोली मान्य झाली नाही.

मी आळेफाट्याला गेलो. सलीमनं मोबाइल पुढं केला. "बघा, पुढच्या तीन सीटा अजून रिकाम्या हायेत. सेहेचाळीसला आत्ता मिळत्यात. मी हात जोडतो, काकींची एक घ्या."

तीन रिकाम्या! मला तर हसूच आलं. बाजार उठायची वेळ झाली आणि तीन जनावरं अजून दावणीला. आता तर ते खाली येणारच. सलीम वैतागून म्हणाला, "कदी कदी काउंटरवर शेवटच्या घटकेला कमी करत्यात, पर भरवसा न्हाई." त्यातले शेवटचे दोन शब्द मी ऐकून घेतले नाहीत. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं.

घरी आलो. मंगल बॅग भरत होती. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, आणि एक लाकडी पाट. तोही तिनं जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत घातला होता. जर्मनीत पाट मिळत नाही म्हणे.

"झालं का वो सीटचं?" तिनं विचारलं.

"काउंटरवर हुईल. थोडकं राखून बोलावं लागतं."

"पुढची नसली तरी चालंल. मला कडंला बसवा, मंजी झालं. पाय तेवढा लांब ऱ्हाईल."

"बघू. आनि एक ध्यानात ठेव. काउंटरपाशी लंगडायचं न्हाई. ती मानसं बघत असत्यात."

तिनं का म्हणून विचारलं नाही. पस्तीस वर्षं व्यापाऱ्याच्या घरात काढली होती, तिला कळलं. मी तिला अंगणात चालून दाखवायला लावलं, ओट्यापासून गोठ्यापर्यंत. पहिल्यांदा पाय ओढला. दुसऱ्यांदा कमी ओढला. तिसऱ्यांदा ती सरळ गेली, ओठ दाबून, आणि गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. मी खूश झालो. मी खरंच खूश झालो, हे आता लिहिताना माझी मलाच किळस येते.

देवीच्या फोटोमागची चिठ्ठी तिनं माझ्या हातात दिली. मी ती मोठ्या बॅगेत तळाशी सरकवली, पाटाच्या खाली. हातात नको. हातात असली की कुणीतरी बघतं.

विमानतळ म्हणजे बिनकामाचं चालणं. कोण कुठून येतं, कोण कुठं जातं, सगळ्यांच्या मागं चाकाच्या पेट्या आणि गळ्यात उश्या. माणसं घरून उशी घेऊन निघतात आणि वर पुढच्या सीटचे पैसे भरतात. मंगल माझ्या मागून चालत होती. लंगडत नव्हती. मी दोनदा वळून बघितलं, फक्त त्यासाठी.

काउंटरवरची पोरगी मराठी निघाली. पासपोर्ट बघितले, बॅगा आत ढकलल्या, मंगलकडं बघून हसली.

"मावशी, व्हीलचेअर हवीय का? आत बरंच चालायचंय."

काय सांगू, मी तिच्या तोंडातलं वाक्य संपायच्या आत बोललो. "छे छे. ठणठणीत हाय ती. शेतात काम करती."

पोरीनं मंगलकडं बघितलं. मंगल म्हणाली, "व्हय. काय न्हाई मला."

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पुढं एखादी रिकामी असंल तर काय घेताय? तिनं मशीन बघून सांगितलं, बावन्न हजार. वाढवले होते! मी एकोणीस म्हणालो. ती म्हणाली, "काका, इथं भाव नसतो करायचा." मी म्हणालो, "ऱ्हायलं मग," आणि मंगलचा दंड धरून निघालो.

बाजारात सौदा तुटला की चार पावलं चालायचं असतं. पाठ दाखवून, घाई न करता. चौथ्या पावलाला मागून हाक येते, "ओ पावणं, या, काय द्यायचं ते द्या." चाळीस वर्षांत ही हाक मला क्वचितच चुकली असेल. मी चार पावलं चाललो. मग आणखी चार. मागून पोरीचा आवाज आला, "नेक्स्ट."

सीट मधली मिळाली, दोघांनाही. चार खुर्च्यांची रांग, आम्ही मधल्या दोन खुर्च्यांत. मंगलच्या कडेला एक जाडा गोरा माणूस होता, तो बसला आणि लगेच झोपला. त्याला उठवून कडेची जागा मागता आली असती. मागितली नाही. मागायची सवयच नाही, घ्यायची आहे. समोरच्यानं आपली खुर्ची मागं पाडली. मंगलचा गुडघा खुर्चीला टेकला. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"दुखतंय का?" मी तासाभरानं विचारलं.

"न्हाई."

तीन तासांनी विचारलं, तेव्हाही न्हाई. पाचव्या तासाला मी तिच्याकडं न बघता विचारलं. ती हात गुडघ्यावर ठेवून बसली होती, तान्ह्या पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

मी उठलो. संडासाला जातो म्हणून पुढं गेलो आणि पडद्याच्या फटीतून बघितलं. तीन खुर्च्या रिकाम्या. तीनही. वर घडी घातलेली पांघरुणं, कुणी हातसुद्धा न लावलेली. रिकाम्या नेल्या, पण भावात सोडल्या नाहीत. मला आधी रागच आला. मग आठवलं, मीसुद्धा असंच करतो. जनावर संध्याकाळी टेम्पोत घालून परत नेईन, पण पडत्या भावात देणार नाही. समोरच्याला किती नड आहे याचं मला कधी काही वाटलेलं नाही. म्हणजे इतका वेळ मी ज्यांना शिव्या घालत होतो ती माणसं माझ्यासारखीच होती. एवढंच, की ती जिंकली होती, आणि माझी पैज ज्या पायावर लागली होती तो पाय माझा नव्हता.

तिथं एक बाई उभी होती, युनिफॉर्ममधली, गोरी. माझ्याकडं बघून तिनं भुवया उंचावल्या. एक शब्द बोलायचा होता. पाय. निदान बोट तरी दाखवायचं, मागं बसलीय ती, बघा. मी "ओके, ओके" म्हणालो आणि परत येऊन बसलो. अजून चार तास होते. मला ते चार तास कुणी विकत मागितले असते, तर फुकट दिले असते.

विमान उतरलं. सगळे घाईनं उभे राहिले, बॅगा काढायला लागले. पुढचे आधी उतरले, तेवढाच काय तो त्यांचा फायदा. जाडा गेला. रांगा रिकाम्या होत गेल्या. मंगल उठली नाही.

मी म्हणालो, "चल."

तिनं समोरच्या खुर्चीला धरलं आणि जोर लावला. अर्धवट उठली, परत बसली. बैल बसला की उठवून बघायचा, ही पहिली परीक्षा. मी हजारो वेळा घेतली आहे. जनावर असं उठताना दिसलं की मी दात बघायलासुद्धा वाकत नाही, पुढं जातो. तिनं साडी थोडी वर केली. गुडघा सुजून टम्म झाला होता, वाकलेला, आणि ती दोन्ही हातांनी दाबून सरळ करायला बघत होती. होत नव्हता.

"बाळ पायावर कसं घेऊ वो?" ती म्हणाली. रडत नव्हती. मला विचारत होती, जसं काही मला माहीत आहे.

ती गोरी बाई आमच्यापाशी आली आणि वाकून काहीतरी बोलली. मला एकच शब्द कळला, प्रॉब्लेम. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगतो, सवयीनं निघालं, "नो, नो. नो प्रॉब्लेम."

मंगलनं माझ्याकडं वर बघितलं. हळूच विचारलं, "अवो, आता लंगडलं तर चालंल का?"

बाई जायला वळली होती. मी तिला "ओ ताई!" म्हणून हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा मागून हाक मारणारा मी होतो. ती थांबली. मी म्हणालो, "पाय. पाय खराब हाय हिचा. दीड वर्स झालं. मी सांगितलं न्हाई." ती हसून मान हलवत होती. तिला काय कळणार? हिंदीत बोललो, तेही कळलं नाही. चिठ्ठी विमानाच्या पोटात, पाटाखाली पडली होती.

मग मी मधल्या वाटेत उभा राहिलो आणि लंगडायला लागलो. साफ करायला आलेले दोघं बघत होते, पायलट दारात उभा होता, तोही बघत होता. बघू दे. एका पायावर भार टाकत, दुसरा ओढत, कण्हत, मी त्या पडद्यापर्यंत गेलो, त्या तीन खुर्च्यांपाशी. हात मंगलकडं करत होतो, परत गुडघ्यावर मारत होतो. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला कळलं. तिनं भिंतीवरचा फोन उचलला.

मी लंगडतच परत फिरलो. थांबायचं मला सुचत नव्हतं.

"अवो," मंगल म्हणाली, "उजवा न्हाई. माजा डावा हाय."

मी पाय बदलला आणि परत चालायला लागलो.